दाब व्हॉल्व्हचा, रेटा ट्रान्झिस्टरचा

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेस महासमितीने ‘भारत छोडो’चा ठराव मंजूर केला. दुसऱ्या दिवशी पहाटेच धरपकड झाली. महात्मा गांधींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले गेले. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आणि कार्यसमितीचे इतर अनेक सदस्य अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात बंद झाले. सभांमधून हजारोंपर्यंत पोहोचणारे ते आवाज आता किल्ल्याच्या भिंतीआड गेले होते.

ते आवाज हजारोंपर्यंत पोहोचवणारी यंत्रणाही त्या इतिहासाचा भाग आहे. त्या काळच्या काँग्रेसच्या सभांच्या छायाचित्रांत वक्त्यापुढच्या मायक्रोफोनवर अनेकदा ‘शिकागो रेडिओ’ ही पट्टी दिसते. नाव परदेशी असले तरी कंपनी मोटवाने या सिंधी कुटुंबाची होती. काँग्रेसच्या अधिवेशनांना माइक आणि कर्णे पुरवणे हे नानिक मोटवाने यांनी स्वतःचे काम मानले. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत भूमिगत चाललेल्या काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर त्यांच्यावरही आरोप ठेवले गेले. पुढे याच घराण्याचा ध्वनियंत्रणेचा कारखाना नगरच्या शेजारच्या जिल्ह्यात, नाशिक रोडला उभा राहिला.

त्या कर्ण्यांमागच्या अँप्लिफायरमध्ये सगळे काम काचेचे व्हॉल्व्ह करत. तेव्हा दुसरा पर्यायच नव्हता, कारण ट्रान्झिस्टरचा जन्म १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत व्हायचा होता. आज परिस्थिती उलटी आहे. अँप्लिफायर म्हटला की त्यात ट्रान्झिस्टर किंवा आयसी असणार हे गृहीत धरले जाते. असे असूनही काही अँप्लिफायर एकाच पेटीत दोघांना घेऊन तयार होतात: पुढे एक-दोन व्हॉल्व्ह आणि मागे ट्रान्झिस्टरची फळी. त्यांना हायब्रीड अँप्लिफायर म्हणतात. ही जोडी का जमते आणि सांधा नेमका कुठे द्यायचा, हा या प्रकरणाचा विषय आहे.

व्हॉल्व्हला काय जमते

व्हॉल्व्हची रचना सोपी आहे. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत हीटरने तापवलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो. समोरच्या प्लेटवर दीडशे, अडीचशे किंवा त्याहून जास्त व्होल्टचा धन दाब असतो. ती इलेक्ट्रॉन ओढून घेते. दोघांच्या मध्ये बारीक तारेची जाळी असते, ती ग्रिड. ग्रिडवरचा दाब थोडासा बदलला की प्लेटकडे जाणारा प्रवाह बराच बदलतो. अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये ही तिसरी तार नळीत घातली आणि क्षीण संकेत मोठा करण्याची वाट मोकळी झाली.

या रचनेचा मोठा गुण असा की ग्रिडला प्रवाह जवळजवळ लागतच नाही. मायक्रोफोन, रेकॉर्ड प्लेअरची पिन किंवा गिटारचा पिकअप यांचा संकेत नाजूक असतो. व्हॉल्व्ह त्याच्यावर भार टाकत नाही. जगभर सर्वाधिक वापरल्या गेलेल्या व्हॉल्व्हपैकी एक म्हणजे ईसीसी ८३. अमेरिकेत त्याला १२एएक्स७ म्हणतात. एका काचेत दोन ट्रायोड, प्रत्येकाचा वर्धनांक १००. प्रत्यक्ष मंडलात एक ट्रायोड संकेताचा दाब पन्नास-साठ पटींनी सहज वाढवतो.

आता दुसरी बाजू. अडीचशे व्होल्टवर ईसीसी ८३ च्या एका ट्रायोडमधून साधारण १.२ मिलिअँपिअर एवढाच प्रवाह वाहतो. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट द्यायचे, तर २८ व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर लागतात. दाबाचे काम हा छोटा व्हॉल्व्ह सहज निभावतो, पण प्रवाह जवळजवळ तीन हजार पट कमी पडतो.

नगर जिल्ह्यातल्या बागायतदाराला हे लगेच उमजेल. विहिरीवरचा पंप घेताना तो दोन आकडे विचारतो: पाणी किती उंच चढणार, म्हणजे हेड, आणि मिनिटाला किती लिटर पडणार, म्हणजे डिस्चार्ज. व्हॉल्व्ह हा भरपूर हेडचा आणि थेंबभर डिस्चार्जचा पंप आहे. स्पीकरला मात्र थोडे हेड आणि पाटभर पाणी हवे असते.

पूर्ण व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये ही अडचण आउटपुट ट्रान्स्फॉर्मर सोडवतो. ईएल ८४ हा लोकप्रिय आउटपुट व्हॉल्व्ह एकटा चालवला, तर त्याला सुमारे ५,२०० ओहमचा भार हवा असतो. स्पीकर असतो ८ ओहमचा. हे गुणोत्तर ६५० भरते, म्हणून ट्रान्स्फॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमधल्या वेढ्यांचे प्रमाण त्याच्या वर्गमुळाएवढे, म्हणजे साधारण २५ ला १ ठेवावे लागते. एवढ्या खटाटोपानंतर हाती येतात पावणेसहा वॅट. जास्त वॅट हवे असतील तर मोठे व्हॉल्व्ह, जाड तार आणि अधिक लोखंड. खर्जाचा आवाज नीट यायला गाभा मोठा हवा आणि तीव्र स्वर नीट यायला गुंडाळी थरांमध्ये विभागून कौशल्याने करायला हवी. व्हॉल्व्ह अँप्लिफायरचे वजन, किंमत आणि गुणवत्ता बऱ्याच अंशी या एका वस्तूवर ठरते.

बॅटरीवरच्या उच्च दाबाचा प्रश्न

व्हॉल्व्हला उच्च दाब लागतो. घरात वीज असेल तर तो ट्रान्स्फॉर्मरने मिळतो. पण बॅटरीवर चालवायचे असेल तर?

या प्रश्नाची दोन जुनी उत्तरे नगर जिल्ह्याच्या इतिहासात सापडतात. पहिले लष्करी आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून अहमदनगरला आहे आणि त्याच केंद्राने १९९४ मध्ये उभारलेले रणगाडा संग्रहालय पाहायला आज लांबून लोक येतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि राष्ट्रकुल सैन्याच्या रणगाड्यांत ‘वायरलेस सेट नंबर १९’ हा संच सर्रास असे. तो पूर्णपणे व्हॉल्व्हचा होता. त्याच्या शेजारी एक वेगळी जड पेटी बसवलेली असे. तिच्यात १२ व्होल्टच्या बॅटरीवर फिरणारी यंत्रे असत आणि ती सुमारे २७५ आणि ५०० व्होल्ट तयार करत. थोडक्यात, बॅटरीवर मोटर फिरवायची, मोटरवर जनित्र फिरवायचे आणि मगच व्हॉल्व्हला दाब मिळायचा.

दुसरे उत्तर खेड्यातले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या रेडिओ-मंडळांचा प्रयोग केला. त्यासाठी निवडलेल्या पाच मराठी जिल्ह्यांत अहमदनगर होता. सुमारे दीडशे गावांत आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. विकासासाठी रेडिओ कसा वापरावा, याच्या जागतिक चर्चेत हा प्रयोग आजही आधाराला घेतला जातो. त्या काळी बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. अशा ठिकाणी चालणाऱ्या बॅटरीवरच्या रेडिओंत दीड व्होल्टच्या तंतूवर चालणारे खास व्हॉल्व्ह असत आणि त्यांच्या प्लेटसाठी ९० व्होल्टची कोरडी बॅटरी लागे. शेवटच्या व्हॉल्व्हमधून मिळणारी ताकद पाव वॅटच्या आसपास. तेवढ्या आवाजात चावडीवरच्या मंडळींनी गप्प बसून ऐकायचे आणि बॅटरी संपली की नवी येईपर्यंत वाट पाहायची.

मोटारीच्या रेडिओत तिसरा उपाय रूढ झाला होता, तो म्हणजे व्हायब्रेटर. एक पोलादी पट्टी सेकंदाला शंभरहून अधिक वेळा थरथरत बॅटरीचा प्रवाह जोडत-तोडत राही; तो ट्रान्स्फॉर्मरला देऊन उच्च दाब मिळवत. त्याचे संपर्कबिंदू जळत, घूं असा आवाज येई आणि रेडिओत सर्वांत आधी बिघडणारा भागही तोच असे.

पहिला खरा सांधा

सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. त्यांना ६ किंवा १२ व्होल्ट पुरत आणि हीटर नसल्यामुळे प्रवाह वाया जात नसे. १९५४ मध्ये अमेरिकेत खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. पण त्या काळच्या शक्तिशाली ट्रान्झिस्टरांची चाल मंद होती. ध्वनीच्या कंप्रता त्यांना झेपत. रेडिओ लहरींच्या लाखो कंपनांपुढे ते मागे पडत. तेवढे वेगवान ट्रान्झिस्टर महाग आणि दुर्मीळ होते.

व्हॉल्व्हची गोष्ट नेमकी उलटी होती. रेडिओ लहरी तो लीलया हाताळत असे. अडचण फक्त उच्च दाबाची आणि शेवटच्या टप्प्यातल्या प्रवाहाची. मग अभियंत्यांनी प्लेटवर थेट १२ व्होल्ट देऊनही काम करतील असे व्हॉल्व्ह तयार केले. त्यांच्याकडून स्पीकर हलवण्याची ताकद मिळणे शक्यच नव्हते, पण लहरी पकडणे, निवडणे आणि त्यातून ध्वनी वेगळा काढणे ही कामे ते करू शकत. शेवटी स्पीकरला रेटा द्यायला एक जाडजूड जर्मेनियम ट्रान्झिस्टर, रेडिओच्या पेटीला घट्ट आवळलेला, म्हणजे उष्णता धातूत जिरावी. व्हायब्रेटरची हकालपट्टी झाली.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या डेल्को शाखेने असे रेडिओ मोठ्या प्रमाणावर काढले. युरोपात ईसीएच ८३, ईबीएफ ८३, ईएफ ९८ हे कमी दाबाचे व्हॉल्व्ह आणि ओसी १६ सारखे ट्रान्झिस्टर यांची जोडी जमली. वेगवान ट्रान्झिस्टर स्वस्त होताच, काही वर्षांत, हे संच मागे पडले. तरी ध्वनीच्या क्षेत्रातला हायब्रीडचा पहिला मोठा प्रयोग हाच. त्यामागे आवाजाच्या गोडव्याची चर्चा अजिबात नव्हती. ज्याला जे जमते ते त्याच्याकडे सोपवा, एवढाच साधा हिशेब होता.

भारतातही दोन्ही तंत्रे जवळजवळ एकाच वेळी आली. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह १९६१ मध्ये आणि जर्मेनियमचे अर्धवाहक १९६२ मध्ये बनवायला सुरुवात केली. जुन्या मेकॅनिकांना ‘बीईएल’चे व्हॉल्व्ह आजही आठवतात आणि जुन्या साठ्यातला एखादा न वापरलेला नग मिळाला तर हौशी मंडळी तो आनंदाने घेतात.

‘हायब्रीड’ हा शब्द मात्र आपल्याकडच्या दुरुस्तीच्या दुकानांत टीव्हीमुळे रुळला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्या दशकातल्या अनेक कृष्णधवल संचांत लहान संकेताचे काम ट्रान्झिस्टर करत आणि पडद्यावर चित्राच्या रेषा ओढणारा टप्पा पीएल ५०४ सारख्या दणकट व्हॉल्व्हकडे असे. तिथे हजारो व्होल्टचे झटके सोसायचे असत आणि तेवढे सोसणारे ट्रान्झिस्टर तेव्हा परवडत नसत. म्हणजे सांधा तोच, बाजू उलटी. मोटार रेडिओत मागे प्रवाह हवा होता म्हणून मागे ट्रान्झिस्टर आला. टीव्हीत मागे दाब सोसायचा होता म्हणून मागे व्हॉल्व्ह राहिला. अमेरिकेत १९७० च्या दशकात म्युझिक मॅन कंपनीने गिटारचे अँप्लिफायर याच उलट्या क्रमाने केले: पुढे ट्रान्झिस्टर, मागे व्हॉल्व्ह. वादकांना आउटपुट व्हॉल्व्ह ताणला गेल्यावर येणारा आवाज हवा होता, म्हणून सांधा तिथे गेला.

आजच्या पेटीत काय असते

आजचा हायब्रीड अँप्लिफायर उघडला तर काम साधारण तीन टप्प्यांत वाटलेले दिसते.

पहिला टप्पा व्हॉल्व्हचा. एक व्होल्टच्या संकेतापासून २८ व्होल्ट करायचे, म्हणजे २८ पट वाढ. ट्रायोडला हे जड नाही. इथे ईसीसी ८३ शिवाय ईसीसी ८२ आणि ईसीसी ८८ हे नेहमी दिसतात. ईसीसी ८८ मुळात टीव्हीच्या ट्यूनरसाठी बनला होता. प्लेटवर ९० व्होल्ट असले तरी तो उत्तम चालतो आणि ईसीसी ८३ पेक्षा कितीतरी जास्त प्रवाह देतो, म्हणून मंडल आखणाऱ्यांचा तो लाडका आहे.

दुसरा टप्पा मधल्या दुव्याचा. ईसीसी ८३ चा अंतर्गत रोध ६० हजार ओहमहून अधिक असतो. त्यापुढे थेट मोठे ट्रान्झिस्टर जोडले तर त्यांच्या भाराखाली संकेत दबतो आणि तीव्र स्वर आधी बोथट होतात. मॉसफेट या प्रकारच्या ट्रान्झिस्टरला स्थिर प्रवाह लागत नाही हे खरे, पण त्याची धारिता क्षणोक्षणी भरावी आणि रिकामी करावी लागते. म्हणून मध्ये कॅथोड फॉलोअर किंवा छोटा ट्रान्झिस्टर ठेवतात. तो दाब वाढवत नाही. फक्त पुढच्या टप्प्याला हवा तेवढा प्रवाह पुरवतो.

तिसरा टप्पा आउटपुटचा. ट्रान्झिस्टरची किंवा मॉसफेटची जोडी फॉलोअर पद्धतीने बसवलेली असते. आलेला दाब जवळजवळ तेवढाच पुढे जातो, प्रवाह मात्र हजारो पटींनी वाढतो. आउटपुट ट्रान्स्फॉर्मर गळून पडतो. स्पीकरवर अँप्लिफायरची पकडही वाढते: शंकूला धक्का मिळाल्यावर तो स्वतःच्या मनाने डोलत राहत नाही आणि पखवाजाचा धूम जिथे थांबायला हवा तिथे थांबतो.

सांध्याच्या जागी सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. व्हॉल्व्हच्या प्लेटवर शंभर-दीडशे व्होल्टचा स्थिर दाब असतो आणि तो ट्रान्झिस्टरपर्यंत पोहोचता कामा नये. ते काम एक फिल्म कपॅसिटर करतो. तो गळका निघाला तर आउटपुटची जोडी आणि पाठोपाठ स्पीकर जाऊ शकतो. दुसरी अडचण सुरू करतानाची. ट्रान्झिस्टर लगेच जागा होतो, पण व्हॉल्व्ह तापायला काही सेकंद लागतात आणि त्या काळात दाब वरखाली होत राहतात. म्हणून चांगल्या पेटीत स्पीकर जोडणारा रिले अर्धा मिनिट उशिरा ‘टक्’ करतो. शिवाय वीजपुरवठे दोन लागतात: व्हॉल्व्हसाठी एचटी, म्हणजे उच्च दाब, आणि हीटर, ट्रान्झिस्टरसाठी अधिक-उणे ३० ते ५० व्होल्ट. आउटपुट ट्रान्स्फॉर्मरचा वाचलेला खर्च थोडाफार इथे परत जातो.

जपानच्या लक्समनने १९८० च्या दशकात घरगुती संगीतासाठी असे अँप्लिफायर काढले. ब्रिटनच्या मार्शलने १९९१ मध्ये ‘व्हॉल्व्हस्टेट’ मालिकेत ईसीसी ८३ पुढे आणि ट्रान्झिस्टर मागे ठेवून गिटारवादकांसाठी तुलनेने स्वस्त संच दिले. या वेळेपर्यंत सर्व कामे ट्रान्झिस्टरने होऊ शकत होती. व्हॉल्व्ह आता निवडीने येत होता, आणि निवडीचे कारण आवाज होते.

तंबोरा काय सांगतो

कोणताही अँप्लिफायर मूळ संकेतात आपले थोडेसे मिसळतो. किती मिसळतो याइतकेच काय मिसळतो हेही महत्त्वाचे. भारतीय संगीत ऐकणाऱ्याला हे समजायला अवघड नाही, कारण स्वरांची ही भाषा त्याच्या कानात आधीपासून आहे.

संगीतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत षड्जाची आंदोलनसंख्या २४० धरण्याचा प्रघात आहे. तिच्या पटींतल्या आंदोलनसंख्या म्हणजे त्याचे स्वरांश. दुप्पट ४८० म्हणजे तार षड्ज. तिप्पट ७२० म्हणजे तार सप्तकाचा पंचम. चौपट ९६० पुन्हा षड्ज, पाचपट १२०० गंधार. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडल्यावर ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच पाचवा स्वरांश. सातपट १६८० मात्र कोमल निषादाच्याही किंचित खाली पडतो. आपल्या सप्तकात त्याला हक्काचे घर नाही.

एकट्या ट्रायोडचा टप्पा जो दोष निर्माण करतो, त्यात दुसरा स्वरांश प्रमुख असतो. म्हणजे षड्जावर तो थोडा तार षड्ज चढवतो. मूळ स्वराशी तो इतका एकजीव होतो की कानाला दोषाऐवजी भरीवपणा जाणवतो. ट्रान्झिस्टरच्या जोडीतला दोष वेगळा. एक ट्रान्झिस्टर लाटेचा वरचा भाग आणि दुसरा खालचा भाग हाताळतो; हातबदलाच्या क्षणी नीट जुळले नाही तर लाटेला खाच पडते आणि तिच्यातून सातवा, नववा असे वरचे विषम अंश निघतात. आवाज लहान होतो तेव्हाही ही खाच तेवढीच राहते, म्हणून विलंबित ख्यालातली हळुवार मींड किंवा तंबोऱ्याचा विरत जाणारा झंकार अशा जागी ती आधी बोचते. यावर उपाय आहे: दोन्ही ट्रान्झिस्टरांतून कायम थोडा प्रवाह वाहता ठेवायचा आणि उष्णतेबरोबर तो वाढू नये म्हणून नियंत्रक ट्रान्झिस्टर हीटसिंकलाच चिकटवायचा. चांगल्या अँप्लिफायरमध्ये ही खाच मोजायलाही कठीण होते.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. पूर्ण व्हॉल्व्हच्या अनेक मोठ्या अँप्लिफायरमध्ये आउटपुट व्हॉल्व्ह जोडीने, पुश-पुल पद्धतीने चालतात. या पद्धतीत त्या टप्प्यातले दुसरा, चौथा असे सम अंश एकमेकांना छेदून टाकतात. म्हणजे ज्या गोडव्यासाठी व्हॉल्व्हची स्तुती होते, त्यातला बराचसा भाग पुढच्या एकट्या ट्रायोडच्या टप्प्यात तयार होऊ शकतो. आणि हायब्रीडमध्ये नेमका तोच टप्पा राखलेला असतो. सम अंशांचे हे छेदले जाणे मंडलाच्या गणितातून सिद्ध होते. हायब्रीडचा आवाज व्हॉल्व्हच्या जवळ का जाऊ शकतो, हे त्यातून कळते.

कुठे शोभतो, कुठे नाही

नगर जिल्ह्यातले संगमनेर हे तमाशाचे मोठे गाव. तमाशा कलावंत कांताबाई सातारकर यांचे फडाचे आयुष्य या गावाशी जोडलेले होते. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. अशा फडाचा संसार ट्रकमधून हलतो. आज या यात्रेत, उद्या त्या गावात, जनरेटरवरची वीज, कनातीत हजारोंचा जमाव, ढोलकीची थाप आणि हलगीचा कडकडाट. तिथे हजारो वॅट लागतात, पेटी हलकी लागते आणि खड्ड्यांतल्या धक्क्यांनी काही निखळता कामा नये. व्हॉल्व्हच्या नाजूक जाळीला धक्का बसला की तीच मायक्रोफोनसारखी वागते आणि कर्ण्यातून टणत्कार येतो. या कामात ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हला पूर्णपणे बाजूला केले ते योग्यच झाले. मंडपवाल्याकडे आज जी ‘मशीन’ असते, तिच्यात हायब्रीडला जागा नाही.

त्याची जागा घरात आहे: शांत खोली, बरे स्पीकर, लक्ष देऊन ऐकणारा माणूस. कंठसंगीत, सनई, सारंगी यांत स्वराचा पोत हाच विषय असतो आणि तिथे पुढचा ट्रायोड काय करतो ते ऐकू येते. गिटार आणि बेस वाजवणाऱ्या तरुणांच्या संचांतही त्याने स्थान टिकवले आहे.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ‘ट्यूब’ पेट्यांकडे मात्र डोळसपणे पाहावे. काहींत व्हॉल्व्हला प्लेटवर जेमतेम दहा-वीस व्होल्ट मिळतात आणि त्याच्याखाली नारिंगी एलईडी लावून तेज दाखवलेले असते. काहींत तर संकेताची वाढ आयसीच करतो आणि व्हॉल्व्ह नावापुरता राहतो. विकत घेणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. प्लेटवर दाब किती? व्हॉल्व्ह संकेत खरोखर वाढवतो का? स्पीकरला उशिरा जोडणारा रिले आहे का? प्रामाणिक विक्रेत्याला त्यांची उत्तरे देता येतात.

जिल्ह्याच्या ग्रामीण भागात विजेचा दाब हा चौथा प्रश्न ठरतो. उन्हाळ्यात शेतीपंपांचा भार वाढला की घरात २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळणे नवलाचे नाही. साध्या ट्रान्स्फॉर्मरवर चालणारा ६.३ व्होल्टचा हीटर अशा वेळी पाच व्होल्टच्या खाली जातो. कॅथोड नीट तापत नाही, आवाज मंदावतो आणि असे सतत चालले तर व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. म्हणून इथल्या वापरासाठी हीटरला रेग्युलेटरमधून स्थिर डीसी देणारी रचना निवडावी. स्वतः जुळणी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणखी एक पथ्य कसोशीने पाळावे: एचटीचे कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भरलेले राहतात आणि तो झटका जिवावर बेतू शकतो. त्यांच्यावर कायमचा रोध जोडावा आणि पेटीत हात घालण्यापूर्वी मल्टिमीटरने दाब शून्य झाल्याची खात्री करावी.

व्हॉल्व्हचे तंत्रही जागेवर थांबलेले नाही. जपानच्या कॉर्ग आणि नोरिताके इट्रॉन या कंपन्यांनी २०१५ मध्ये ‘न्यूट्यूब’ जाहीर केला. घड्याळे आणि कॅसेट डेकच्या हिरव्या-निळ्या आकड्यांच्या पट्ट्या ज्या तंत्राने बनत, त्याच तंत्राने केलेला हा चपटा दुहेरी ट्रायोड. तो नेहमीच्या व्हॉल्व्हच्या दोन टक्के वीज खातो आणि त्याचे अपेक्षित आयुष्य ३०,००० तासांचे आहे. त्याच्यामागे मात्र अर्धवाहक लागतोच, कारण त्याच्याकडून मिळणारा प्रवाह जुन्या ट्रायोडपेक्षाही कमी आहे. वीज कमी खाण्याच्या बाबतीत साधा ईसीसी ८३ देखील सोयीचा आहे: त्याचे दोन्ही हीटर एकसर जोडले की त्याला १२.६ व्होल्ट आणि फक्त ०.१५ अँपिअर पुरतात, म्हणजे घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी त्यांना थेट चालवू शकते. प्लेटसाठी लागणारे दोन-अडीचशे व्होल्ट तळहाताएवढा स्विचिंग कन्व्हर्टर त्याच १२ व्होल्टपासून बनवतो. रणगाड्यातल्या फिरत्या यंत्रांचे आणि मोटारीतल्या थरथरत्या पट्टीचे काम आता काही मॉसफेट, आवाज न करता, माणसाला ऐकूच न येणाऱ्या कंप्रतेवर करतात. आणि तसाच एक मॉसफेट पेटीच्या दुसऱ्या टोकाला स्पीकर हलवत असतो.